आधी माप घ्या, मग पैसे काढा

रोड बाईक घ्यायला दुकानात गेलेला माणूस पहिल्यांदा सायकल उचलून बघतो. दोन बोटं वरच्या नळीखाली घालतो, उचलतो, शेजारचीही उचलतो, आणि हलकी कुठली ते ठरवून तिच्या किमतीची पाटी वाचायला लागतो. दुकानदारही तेवढ्यावर सौदा पुढे नेतो. गिऱ्हाइकाच्या पायाची लांबी किती, हे तोवर कोणीच विचारलेलं नसतं.

सायकल उचलून न्यायची नाही, तिच्यावर बसायचं आहे. हिशोबच करून बघा. ७५ किलोचा माणूस ११ किलोच्या सायकलवर बसला की एकूण ८६ किलो झाले. ९ किलोच्या सायकलवर ८४. फरक सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. सिंहगडाचा चढ तुम्हाला तासभर घेत असेल, तर या दोन किलोंमुळे वाचतील फार तर दीड मिनिट. सपाट रस्त्यावर फरक कळणारही नाही. या दीड मिनिटासाठी लोक चाळीस-पन्नास हजार जास्त मोजतात आणि वर्षभरात मान, मनगटं आणि गुडघे घेऊन डॉक्टरकडे जातात. जगातल्या मोठ्या शर्यतींतसुद्धा ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालत नाही. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनेच ती मर्यादा घालून दिली आहे. ज्याला शर्यत जिंकायची नाही त्याने दोनशे-चारशे ग्रॅमसाठी जीव टाकू नये.

पहिल्या रोड बाईकमध्ये पहिला प्रश्न मापाचा. कार्बन की ॲल्युमिनियम, डिस्क ब्रेक की साधे, मागे आठ गिअर की बारा, हे सगळं नंतर. माप चुकलं तर बाकी सगळं उत्तम असूनही ती सायकल दोन पावसाळ्यांनंतर गॅलरीत उभी दिसते, टायरमधली हवा गेलेली.

माप न बघण्याची आपली खोड जुनी आहे, आणि तिला कारणही होतं. घरात एकच सायकल असायची, काळी, २२ किंवा २४ इंची, वडिलांच्या कामावर जायची. पोरांनी तीच दांडीखालून पाय घालून शिकायची. पाय पुरेपर्यंत अंग वाकडं करायचं, आणि पुरायला लागले की शाळेत न्यायची. पर्याय नव्हता, अंतरंही बेताची होती. शिवाय त्या सायकलवर माणूस ताठ बसायचा, सीटखाली स्प्रिंगा असायच्या, हँडल हाताशी असायचं. मापातली चूक ती सायकल सांभाळून घ्यायची. रोड बाईक सांभाळून घेत नाही. तिच्यावर अंग पुढे झुकलेलं असतं, काही भार हातांवर असतो, आणि तेच आसन तासन्‌तास टिकवायचं असतं.

किती तास? महाराष्ट्रात आता बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करणारे गावोगावी आहेत. २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. त्यातले दहा तास जरी पायडल मारण्यात गेले आणि मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या, तरी एका दिवसात एक गुडघा ४८ हजार वेळा वाकतो आणि सरळ होतो. सीट एक सेंटिमीटर खाली असेल, तर तो गुडघा ती चूक ४८ हजार वेळा सोसतो. कात्रजपर्यंत जाऊन आल्यावर काही दुखत नाही, म्हणून माप बरोबर आहे असं समजू नका. माप कळतं ते चौथ्या तासाला.

मागच्या वर्षी भाचीबरोबर पुण्यातल्या एका दुकानात गेले होते. तिची उंची पाच फूट एक इंच. पहिलीच रोड बाईक, पैसे तिने स्वतःच्या पगारातून साठवलेले. दुकानदाराने ५२ मापाची सायकल काढली. सीट पार खाली, फ्रेममध्ये रुतेल एवढी ढकलली आणि म्हणाला, “बसा ताई.” भाची बसली. पाय कसेबसे पुरले. हात मात्र पुरत नव्हते. कोपरं ताठ, खांदे कानाला टेकलेले, आणि ब्रेकच्या दांड्याला फक्त मधल्या बोटाचं टोक लागत होतं. ब्रेक दाबायला सांगितल्यावर तिला तळहात हँडलवरून उचलावा लागला. उतारावर हे असं करायचं म्हणजे हँडल सोडूनच ब्रेक मारायचा.

मी विचारलं, “याहून लहान माप नाही का?” तो म्हणाला, “मागवावं लागेल मॅडम, दीड-दोन महिने लागतात. ही आजच न्या ना. सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं. महिनाभरात सवय होईल.” भाची माझ्याकडे बघून म्हणाली, “आत्या, होईल ना गं सवय?”

नाही होणार. हात लांब होत नाहीत. सवय होते ती दुखण्याची, आणि दुखण्याची सवय झाली की माणूस दर रविवारी एकेक कारण काढून घरी राहतो. आम्ही बाहेर पडलो. त्या दुकानदाराबद्दल माझा राग एवढाच आहे की समोरच्या मुलीची बोटं ब्रेकपर्यंत पोचत नाहीत हे त्याला दिसत होतं, आणि तरी तो दुकानात पडून असलेलं माप तिच्या गळ्यात घालत होता. पायाला सातचा नंबर लागणाऱ्याला नऊचा बूट देऊन कोणी “सवय होईल” म्हणत नाही. मग पन्नास हजारांच्या सायकलला हा न्याय का? ही सायकल आठ-दहा वर्षं वापरायची आहे. दोन महिने थांबा.

आता मापाच्या आकड्यांबद्दल. ५२, ५४, एस, एम असं काहीबाही फ्रेमवर चिकटवलेलं असतं. त्यावर विसंबू नका. पूर्वी वरची नळी जमिनीला समांतर असायची, तेव्हा सीटची नळी मोजली की सायकलचं माप कळायचं. १९९० च्या दशकाच्या शेवटी जायंट कंपनीने उतरत्या नळीची फ्रेम शर्यतींत आणली. तिच्यात सीटचा दांडा आणि स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) बदलून तीन-चार मापांत बहुतेक सगळे बसवता येऊ लागले. कंपनीला कमी साचे, दुकानाला कमी माल. सोय त्यांची झाली. तेव्हापासून छापलेला आकडा आणि खरी लांबी यांचं नातं सैल झालं, आणि आज एका कंपनीचं ५२ दुसरीच्या ५४ इतकं लांब निघू शकतं.

विचारायचे आकडे दोनच, स्टॅक आणि रीच. पायडल ज्या आसाभोवती फिरतात, त्याच्या मध्यापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत सरळ उभं अंतर म्हणजे स्टॅक. त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. पहिल्यावरून कळतं हँडल किती उंच येणार, दुसऱ्यावरून किती लांब. बहुतेक कंपन्या हे दोन्ही आकडे तक्त्यात छापतात. दुकानातल्या माणसाला ते सांगता येत नसतील आणि शोधायचीही तयारी नसेल, तर दुकान बदला.

स्टॅक किती हवा हे घरीच कळतं. अनवाणी उभे राहा, गुडघे न वाकवता खाली वाका. बोटं जमिनीला टेकली तर अंग लवचीक आहे. नडगीच्या अर्ध्यावरच थांबली, तर शर्यतीच्या ठेंगण्या फ्रेमकडे बघूही नका. कंपन्या ज्याला एन्ड्युरन्स म्हणतात ती उंच हँडलाची फ्रेम घ्या. दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसणाऱ्या चाळिशीतल्या माणसाने जाहिरातीतल्या पंचविशीच्या पोराची पाठ बघून सायकल निवडायची नाही. त्या पोराला त्या आसनासाठी रोज कोणी तरी ताणून, चोळून देतं. तुम्हाला सकाळी साडेसहाला निघून साडेनऊला ऑफिस गाठायचं आहे.

पायाची लांबी मोजायला शिंप्याचीही गरज नाही. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, पायांत वीतभर अंतर. एक जाडजूड, पक्क्या बांधणीचं पुस्तक दोन पायांमध्ये धरा, कणा वर, आणि सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर ओढा. घरातल्या कोणाला तरी भिंतीवर पेन्सिलची खूण करायला सांगा. तीनदा मोजा, कारण पहिल्यांदा सगळेच लाजून पुस्तक खाली धरतात. जमिनीपासून खुणेपर्यंतचं अंतर ८० सेंटिमीटर आलं, तर त्याला ०.८८३ ने गुणा. आलं ७०.६. पायडलच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, नळीला धरून, एवढी उंची ठेवून सुरुवात करा. हा गुणक ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखला जातो. तो १९८० च्या दशकातला, आणि आजचे क्लीटवाले, म्हणजे बुटाचा तळ अडकवायचे पायडल तेव्हाच्यापेक्षा पातळ असतात. म्हणून क्लीट वापरणार असाल तर तीनेक मिलिमीटर खालीच सुरू करा.

मग पडताळा घ्या. सायकल दाराच्या चौकटीत उभी करा, एका हाताने चौकट धरा, बसा. टाच पायडलवर ठेवून पायडल सर्वांत खाली न्या. पाय अगदी सरळ झाला पाहिजे, पण कंबर त्या बाजूला कलंडता कामा नये. आता पावलाचा पुढचा उंचवटा पायडलवर आणा. गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहील. तोच हवा. मग मागे कोणाला तरी उभं करा आणि उलटे पायडल फिरवा. कमरेचं हाड डावीउजवीकडे डुलताना दिसलं तर सीट वर आहे.

गुडघा चूक सांगतोही. वाटीच्या पुढे दुखलं तर बहुतेक वेळा सीट खाली असते. मागे, लवणीत दुखलं तर वर. हे दुखणं गोळी घेऊन दाबू नका. तीन-चार मिलिमीटर बदला, दोन-तीन दिवस चालवा, मग पुन्हा बघा. सीटच्या दांड्याला चिकटपट्टी लावून जुनी जागा खुणावून ठेवा, नाहीतर कुठून निघालो होतो तेच कळेनासं होतं.

मिलिमीटरचं एवढं काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी एडी मर्क्सचं आयुष्य बघावं. पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला हा बेल्जियन १९६९ च्या सप्टेंबरात ब्ल्वा गावच्या ट्रॅकवर पडला. त्याच्या पुढे मोटरसायकल चालवणारा जागीच गेला, मर्क्सच्या कमरेला कायमची दुखापत झाली. पुढच्या काळात तो सतत सीटची उंची बदलत राहिला, शर्यत चालू असतानासुद्धा. पाचांतल्या चार टूर त्याने त्या दुखऱ्या कमरेने जिंकल्या, १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाला ४९.४३१ किलोमीटरचा विक्रमही केला. पण सीटची एक जागा त्याला मनासारखी सापडली नाही. सायकलच्या इतिहासातल्या सर्वांत बलवान माणसाला दोन-चार मिलिमीटर जाणवत होते, आणि आपल्याला दुकानदार सांगतो की चालतंय.

सीट पुढे-मागे किती, हे बघायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, जमिनीला समांतर करा, पुढच्या पायाच्या वाटीच्या जरा खालून ओळंबा सोडा. दोरी पायडलच्या आसाच्या आसपास पडली की सुरुवातीला ठीक. हा नियम म्हणून पाळायचा नाही. मांडीचं हाड लांब असलेल्यांना सीट आणखी मागे सोसते. आणि सीटवर पाणसळ ठेवा. नाक खाली झुकलेलं असलं की माणूस पुढे घसरतो, मग हातांनी स्वतःला मागे रेटतो, आणि खांदे का दुखतात म्हणून हँडल बदलतो. हे मी फार लोकांचं होताना पाहिलं आहे. दुखतं एका जागी, चूक असते दुसऱ्याच जागी.

हातांच्या बाबतीत एक खूण ध्यानात ठेवा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या बाहेरच्या कडेची नस दबते आहे. जाड हातमोजे घेऊन ती मोकळी होत नाही. हातांवर भार जास्त पडतोय, म्हणजे हँडल लांब आहे किंवा खाली आहे, किंवा सीट पुढे झुकली आहे. स्टेम बदलून हँडल जवळ आणता येतं. ११० मिलिमीटरचा स्टेम काढून ९० चा लावला की फरक तिथल्या तिथे कळतो. तोच स्टेम उलटा करून लावला तरी हँडल वर येतं. फक्त मापाबाहेरची फ्रेम स्टेमने बरी होत नाही. पाच सेंटिमीटरची चूक दोन सेंटिमीटरच्या तुकड्याने भागत नाही.

इथे एक विनंती कळकळीने करते. नवी सायकल आली की स्टेमखाली ज्या गोल चकत्या असतात, त्या असू द्या. त्या चकत्यांमधून वर येणारी नळी “दिसायला बरी” म्हणून कापून देऊ का, असं कोणी विचारलं तर साफ नाही म्हणा. वर्षभरात अंग सैल होतं, पाठ झुकायला लागते, मग हँडल हळूहळू खाली नेता येतं. उलट एखाद्या दुखण्यानंतर ते वर न्यावं लागतं. कापलेली नळी परत वाढत नाही.

हँडलच्या रुंदीकडे बायकांनी तरी नक्की बघावं. मधल्या मापाच्या सायकलवर ४२ सेंटिमीटरचं हँडल सर्रास येतं. दोन खांद्यांच्या टोकांच्या हाडांमधलं अंतर ३६ असेल तर त्या हँडलवर छाती उघडून, हात फाकवून बसावं लागतं, आणि मानेच्या मुळाशी गाठ येते. क्रँकचंही तसंच. लहान फ्रेमवरही १७० मिलिमीटरचे क्रँक लावून मोकळे होतात. तादेय पोगाचार, पावणेसहा फुटांच्या वर उंची असलेला, टूर द फ्रान्स जिंकणारा माणूस, १६५ चे क्रँक वापरतो. पाच फूट उंचीच्या मुलीला मात्र १७० देतात, आणि तिचा गुडघा दर फेरीला छातीत जातो. ब्रेकचे दांडे जवळ घ्यायला बहुतेक लिव्हरमध्ये एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवायला अर्धं मिनिट लागतं. त्या दुकानात तेवढंही केलं नव्हतं.

आता बसायची जागा. ज्या विषयावर लोक कुजबुजतात त्यावर मोठ्याने बोललं पाहिजे. जांघेत बधिरपणा येत असेल तर ते सहन करायचं नाही, बाईनेही नाही आणि पुरुषानेही नाही. नसा आणि रक्तवाहिन्या दबत असतात. त्यावर जेलचं जाड कव्हर चढवतात, त्याने उलट बिघडतं, कारण हाडं गादीत रुततात आणि मधला मऊ भाग जास्त दाबला जातो. सीट हाडांच्या रुंदीची हवी. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा घ्या, टणक स्टुलावर ठेवा, त्यावर बसून पाय थोडे उचला आणि पुढे झुका. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतात. तिरका उजेड टाकला की स्पष्ट होतात. मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवले की सीटची रुंदी आली. पॅड असलेली चड्डी घ्या, आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. आतल्या शिवणी घासतात. हे पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही, आणि लोक आठवडाभर सालपटलेले फिरतात.

गिअरबद्दल थोडं. आपल्याकडे घाट आहेत. दिवे घाट, खंबाटकी, ताम्हिणी, आणि जरा जोर आला की पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी. घाटात ताशी आठ किलोमीटरने चढताना पुढे ३४ आणि मागे २५ दातांची चक्रं असतील, तर मिनिटाला ४६ फेऱ्याच होतात. प्रत्येक फेरीला सगळं अंग पायडलवर टाकावं लागतं. मागे ३४ दातांचं चक्र असेल तर त्याच वेगाला ६२ फेऱ्या होतात आणि गुडघा मोकळा फिरतो. “मोठं चक्र नवख्यांना” असं ग्रुपमधला एखादा म्हणेल. त्याला म्हणू द्या. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४, किंवा निदान ११-३२, ही मागणी सोडू नका. क्लॅरिस या साध्या गिअर-संचाचे आठ गिअर असोत नाहीतर ‘१०५’ या वरच्या संचाचे बारा, सर्वांत सोपा गिअर कोणता हे आधी विचारा. किती आहेत हे मागाहून.

टायरचंही तसंच बदललं आहे. २३ मिलिमीटरचा टायर दगडासारखा टणक फुगवायचे दिवस गेले. मोठ्या शर्यतींतले संघसुद्धा आता २८ आणि त्याहून रुंद टायर वापरतात, आणि त्यांचे रस्ते आपल्यापेक्षा गुळगुळीत असतात. आपल्या काँक्रीटच्या सांध्यांवर, पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत, मोजमाप नसलेल्या गतिरोधकांवर २८ हे कमीत कमी. ३२ बसत असेल तर उत्तम. म्हणून फ्रेममध्ये कितीपर्यंत टायर बसतो, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि टायरवर छापलेला हवेचा आकडा ही कमाल मर्यादा असते. पंक्चरवाल्याकडे जाऊन तेवढी हवा भरून आणायची नाही. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये सत्तर पीएसआयच्या थोडी वर आणि ३२ मध्ये साठच्या आसपास हवा पुरते. मनगटांचं निम्मं दुखणं इथे थांबतं.

डिस्क ब्रेक घ्या, कोकणात पावसात उतरायचं असेल तर नक्की घ्या. कार्बनचा हट्ट पहिल्या सायकलला नको. जुनी सायकल मिळत असेल तर बिनदिक्कत घ्या, पण मापाची मिळाली तरच. “मित्राची आहे, स्वस्तात देतोय” हे कारण होऊ शकत नाही.

पैसे कुठून काढायचे? सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे. पन्नास हजारांच्या मूळ किमतीवर साडेतीन हजार वाचतात. ते नव्या गॉगलात घालवू नका. चांगल्या फिटरकडे जा, आणि उरले तर मापाचा स्टेम नाहीतर सीट घ्या. कॅमेरे आणि लेझरच्या रेघा बघून भुलू नका. चांगला फिटर आधी तुम्हाला सायकलवरून उतरवतो. पाठीला कधी काही झालंय का, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय का, दिवसभर काय काम करता, असं विचारतो. टेबलावर झोपवून पाय उचलून बघतो, दोन्ही पाय सारखे आहेत का ते मोजतो. आणि महिन्याभराने परत बोलावतो. ज्याने हे काही न करता वीस मिनिटांत “परफेक्ट” म्हणून सांगितलं, त्याने तुमची सायकल मोजली. तुम्हाला मोजलंच नाही.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांचा संघ म्हणून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने. जवळपास ४,८०० किलोमीटर. त्या शर्यतीत मोठमोठ्यांची मान निकामी होते, डोकं वर धरवत नाही. तिथे जिद्द लागतेच. पण चुकीच्या आसनावर जिद्द जास्त दिवस पुरत नाही, हे त्या वाटेने गेलेला कोणीही सांगेल. हे तिघंही डॉक्टर आहेत, आणि आपण शरीराला गृहीत धरून सायकल घेतो.

आणि दुकानदारांना एक मागणी आहे. आज रोड बाईक घ्यायला येणाऱ्यांत मुली आहेत, पन्नाशीच्या बायका आहेत, सव्वापाच फुटांचे पुरुष आहेत. सर्वांत लहान मापाची एक तरी सायकल दुकानात उभी करा. विकली नाही तरी चालेल, बसून बघायला तरी हवी. ८० पासून ११० पर्यंतचे चार स्टेम आणि दोन-तीन रुंदीच्या सीट मागे फळीवर ठेवा, आणि नवी सायकल घेणाऱ्याला पहिल्या महिन्यात त्या बदलून द्या, फरकाच्या पैशांत. स्टॅक आणि रीचचा तक्ता भिंतीवर लावा, मराठीत. पायाची लांबी मोजायला कोपऱ्यात एक पट्टी ठोका. शे-दोनशे रुपयांचं काम आहे. पुढच्या शनिवारी दुकान उघडायच्या आधी होऊन जाईल.